रूपावरून हेतू कळतो का?

जालना जिल्ह्यातले राजूर म्हणजे भाविकांचे राजसदन क्षेत्र, गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक. गणेशपुराणातल्या वरेण्य राजाने गजमुखी बालकाचे रूप पाहून त्याला रानात टाकून दिले, पराशर ऋषींनी त्याला वाढवले, आणि सिंदूरासुराच्या वधानंतर त्याच गजाननाने राजाला गणेशगीता सांगितली. ती इथेच सांगितली गेली, अशी राजूरची श्रद्धा आहे. राजाला रूप नीटच दिसले होते. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. पुराणात रसायनशास्त्र शोधणे मला मान्य नाही, पण रूपावरून हेतू ठरवण्याचा मोह प्रयोगशाळेतही सुटत नाही.

2000 साली थॉर्स्टन बर्मेस्टर आणि सहकाऱ्यांनी चेतापेशींतले न्यूरोग्लोबिन हे प्रथिन जगापुढे आणले. त्याची घडी स्नायूंतल्या मायोग्लोबिनसारखी, पोटात लोह धरणारे हीम. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू वीस टक्के ऑक्सिजन वापरतो. तेव्हा हे त्याचे ऑक्सिजनचे कोठार असावे, हा तर्क स्वाभाविक होता. पण मेंदूच्या बहुतेक भागांत ते इतके थोडे आहे की साठा म्हणून पुरणार नाही. शिवाय मायोग्लोबिनमध्ये लोहापाशी ऑक्सिजनसाठी जी जागा मोकळी असते, ती इथे प्रथिनातल्याच एका हिस्टिडिनने अडवलेली असते. ते बाजूला झाले तरच ऑक्सिजन बसतो. मानवी न्यूरोग्लोबिनमधला दोन सिस्टीनांना जोडणारा गंधकाचा बंध तुटला, की ऑक्सिजनवरची पकडही सैल होते.

मग रचनेला अर्थच नाही, असे कुणी म्हणेल. उलट, एक बंध तुटल्याने पकड बदलते, इतका तिचा अधिकार आहे. पण रचना काय शक्य आहे ते सांगते. त्यातले कोणते काम खरोखर होते, हे सांगत नाही. म्हणून प्रथिनाच्या सुबक घडीवरून कर्त्याचा हेतू वाचणारा श्रद्धाळू आणि त्याच घडीत जीवनाचा सगळा उलगडा झाला असे मानणारा जडवादी, दोघेही वरेण्याचीच घाई करतात. यावर सबळ आक्षेप असा, की आज कळत नाही ते उद्या रचनेवरूनच कळेल. कळेल, पण केवळ रचनेवरून नव्हे. टेलिना नावाच्या शिंपल्याच्या चेतातंतूंत हिमोग्लोबिन असते, आणि तिथे साठ्याची कल्पना खरी ठरली. ती ठरली प्रथिनाच्या आकृतीवरून नव्हे. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाहेरचा ऑक्सिजन तोडल्यावरही त्या चेतातंतूंतून संदेश जात राहिले, त्यावरून.