राज्याचा हक्क म्हणजे कोणाचा हक्क?

१७९८ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी एका छोट्या कायद्यावर सही केली. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या पगारातून दरमहा २० सेंट कापायचे आणि त्या पैशातून आजारी खलाशांवर उपचार करायचे. कपात सक्तीची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांनी ठराव केले की राज्यघटनेने न दिलेली सत्ता केंद्राने वापरली, तर राज्यांनी तिला विरोध करावा. ठरावांचे लेखक होते थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन. त्यांचा रोख खलाशांच्या कपातीवर नव्हता, तर सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात धाडणाऱ्या कायद्यावर होता.

राज्यांच्या हक्काची कल्पना अशी नागरिकाच्या बचावासाठी पुढे आली, हे विसरू नये. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी तिच्या आडून गुलामगिरी राखली आणि विसाव्या शतकात वर्णभेद राखला. पण पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याचा केंद्राचा कायदा विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तोही राज्याच्या अधिकारातच. त्यामुळे हा हक्क कोणी मागितला, तर तो कोणासाठी मागितला जातो आहे हे आधी पाहावे लागते.

विम्याच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ वाद नव्हता. विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये सांगितले आणि विमा कंपन्यांवरचे नियंत्रण राज्यांकडे राहिले. १९४४ मध्ये न्यायालयाने हे मत बदलले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पुढच्याच वर्षी कायदा करून ते नियंत्रण राज्यांकडेच ठेवले.

प्रत्येकाने आरोग्यविमा घेतलाच पाहिजे, ही कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने मांडली. विमा नसलेला माणूसही अपघात झाल्यावर इस्पितळात येतो, आणि त्याला तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत असा कायदा १९८६ मध्येच झाला होता. मग ते बिल शेवटी इतरांवरच पडते. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ही सक्ती आपल्या राज्यात आणली. २०१० मध्ये बराक ओबामांनी ती देशभर लागू करणारा कायदा केला, तेव्हा २६ राज्ये तिच्याविरुद्ध न्यायालयात उभी राहिली.

रिपब्लिकनांच्या या विरोधाला अनेकांनी दुटप्पीपणा म्हटले. राजकारण्यांच्या बाबतीत ते खरे असेल, पण घटनेच्या दृष्टीने फरक खरा आहे. आपल्या रहिवाशांच्या आरोग्यासाठी कायदे करण्याचा सर्वसाधारण अधिकार राज्याला असतो. केंद्राला मात्र घटनेत मोजून दिलेले अधिकार आहेत; आंतरराज्य व्यापाराचे नियमन हा त्यांपैकी एक. ओहायोचे शेतकरी रॉस्को फिलबर्न यांनी स्वतःच्या वापरासाठी पिकवलेल्या जादा गव्हावरही केंद्राचा दंड चालतो, असा १९४२ चा निकाल होता. पण फिलबर्न यांनी गहू पेरला तरी होता. विमा न घेणाऱ्याने काहीच केलेले नव्हते. आज विमा, तर उद्या ब्रोकोलीही घ्यायला लावाल का, हा न्यायमूर्ती स्कालिया यांचा सुनावणीतला प्रश्न पोरकट नव्हता. २८ जून २०१२ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी व्यापाराच्या अधिकाराखाली अशी सक्ती नाकारली आणि विमा न घेतल्याबद्दलचा दंड हा कर आहे असे मानून पाच विरुद्ध चार मतांनी ती टिकवली.

सगळी चर्चा या निर्णयाची झाली. माणसांच्या आयुष्यावर जास्त परिणाम केला तो निकालाच्या दुसऱ्या भागाने. गरिबांसाठीची मेडिकेड योजना राज्यांनी वाढवली नाही, तर आधीपासून मिळणारा सगळा मेडिकेड निधी बंद, अशी कायद्यात तरतूद होती. सात न्यायमूर्तींनी ही जबरदस्ती ठरवली. हा तर्क मला पटतो. राज्याच्या अर्थसंकल्पाचा दहावा हिस्सा धमकीवर टांगला, तर संमतीला अर्थ उरत नाही. पण वाढीव योजना ऐच्छिक होताच एक दरी उघडी पडली. दारिद्र्यरेषेखालचे सगळे मेडिकेडमध्ये येतील असे गृहीत धरून काँग्रेसने त्यांच्यासाठी विम्याचे अनुदान ठेवलेच नव्हते. टेक्सासमध्ये मूल नसलेला, धडधाकट, अत्यंत गरीब प्रौढ आजही दोन्हींतून वगळला जातो. त्याच्यापेक्षा थोडे अधिक कमावणाऱ्याला अनुदान मिळते. वाढीव योजनेच्या खर्चाचे ९० टक्के वॉशिंग्टन देत असताना राज्याने हे चालू ठेवावे, याला हक्काचे रक्षण म्हणायला मी तयार नाही.

विम्याच्या सक्तीचा दंड काँग्रेसने २०१७ मध्ये शून्यावर आणला आणि २०१९ पासून तो संपला. तेव्हा मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीने आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियाने स्वतःची सक्ती लागू केली. राज्यांचा हक्क म्हणतात तो हाच. मेडिकेडच्या बाबतीत तर मतदारच पुढे झाले. मेनमध्ये २०१७ साली, मग आयडाहो, नेब्रास्का, युटा, ओक्लाहोमा, मिझुरी आणि साउथ डकोटात लोकांनी थेट मतदानाने योजना वाढवून घेतली. मिझुरीत विधिमंडळाने पैसे नाकारले, तेव्हा राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला.

अजून दहा राज्यांनी योजना पूर्णपणे स्वीकारलेली नाही. त्यांपैकी टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा यांच्यासह बहुतेक राज्यांत असा प्रश्न सह्या गोळा करून थेट मतदानाला लावण्याची सोय नागरिकांना नाही.