याद आणि यादी

मराठीतला ‘यादी’ हा शब्द फारसी ‘याद’शी नाते सांगतो. याद म्हणजे आठवण. उर्दूत आम्ही यादीला ‘फेहरिस्त’ म्हणतो आणि स्मरणशक्तीला ‘याददाश्त’. दोन्ही भाषा एकाच घरात नांदत असल्यामुळे हे नाते आमच्या कानाला लगेच जाणवते. आज मात्र याद आणि यादी यांची फारकत होऊ लागली आहे. यादी मोबाईलमध्ये राहायला गेली आहे आणि याद कुठे गेली, याची चौकशी कुणी करीत नाही.

किराण्याचा सौदा, वीजबिल, शाळेची फी, गॅसचा नंबर, दवाखान्याची तारीख, सगळे गूगल कीप, टूडूइस्ट किंवा तशाच एखाद्या अॅपमध्ये टाकले जाते. नवरा-बायको एकच यादी दोन फोनांवर पाहतात. घरात ‘तूरडाळ’ लिहिले की बाजारातल्या फोनवर ते उमटते; बाजारात खूण झाली की घरी कळते, डाळ घेतली. ही सोय आहे, यात वाद नाही. प्रश्न निराळा आहे. लक्षात ठेवणे हे नुसते काम आहे, की ती जबाबदारीही आहे? काम असेल तर यंत्राला सोपवता येईल. जबाबदारी सोपवता येते का?

यंत्रावर रोष धरणाऱ्यांचा युक्तिवाद फार जुना आहे. प्लेटोच्या ‘फिड्रस’ या संवादात सॉक्रेटिस इजिप्तच्या थामुस राजाची गोष्ट सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनाची कला घेऊन राजाकडे येतो आणि हे स्मरणाचे औषध आहे, असे सांगतो. राजा म्हणतो, उलट यामुळे माणसे विसरभोळी होतील, कारण ती बाहेरच्या खुणांवर विसंबतील. आज फोनबद्दल वडीलधारी मंडळी जे बोलतात, ते हेच.

आम्हांला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार लहान असो की मोठा, तो लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे ती बजावते; कारण लिहिणे न्यायाच्या अधिक जवळ आहे आणि त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. म्हणजे माणूस विसरतो हे तिथे गृहीत धरले आहे आणि त्या विसरण्यातून दुसऱ्याचा हक्क बुडू नये, याची तरतूद केली आहे. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांच्याकडून कुरआन एकत्र लिहून घेतले, हा इतिहास आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. पण लिखित प्रत झाली म्हणून हिफ्ज संपले नाही. आजही मुले पाठ करतात. ‘हाफिज’ या शब्दाचा मूळ अर्थच राखणारा, सांभाळणारा असा आहे. आपल्या परंपरेत लक्षात ठेवणे म्हणजे साठवणे नव्हे, राखण करणे होय. कागद राखणदाराला मदत करतो. त्याची जागा घेत नाही.

आधुनिक विचारवंतही यादीच्या बाजूने बोलतात. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी 1998मध्ये लिहिलेल्या निबंधात ओटो नावाचा एक काल्पनिक माणूस आहे. त्याला अल्झायमर आहे, म्हणून तो सगळे वहीत टिपतो आणि संग्रहालयाचा पत्ता वहीतून पाहतो. लेखक विचारतात, दुसऱ्याची स्मृती डोक्यात असेल आणि ओटोची वहीत, तर वहीला त्याच्या मनाचाच भाग का म्हणू नये? मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011मध्ये प्रयोगांतून दाखवले की अपुरी कामे मनाला टोचत राहतात. पण ते काम कसे करायचे याची नेमकी योजना केली की टोचणी थांबते, काम अजून व्हायचे असले तरी. यादी लिहिल्यावर हलके वाटते, ते उगाच नव्हे.

इथेच खरी अडचण सुरू होते. काम झालेले नसताना मन मोकळे होते. ‘तांदूळ 5 किलो’ या ओळीबाबत त्याने काही बिघडत नाही. पण त्याच यादीत खाली लिहिलेले असते : ‘खालाजानच्या तब्येतीची चौकशी’. अॅपच्या लेखी दोन्ही ओळी सारख्याच आणि दोन्हींपुढे चौकोनही सारखाच. तांदूळ आणला की तांदळाचे काम संपते. खालाजानला फोन केला, दोन वाक्ये बोलून ठेवला आणि चौकोनात खूण केली, तर काय संपले? आपल्याकडे याला हुकूकुल इबाद म्हणतात, म्हणजे माणसांचे माणसांवर असलेले हक्क. हक्क चुकता करायचा असतो, उरकायचा नसतो. फोन आपल्याला खालाजानच्या दारापर्यंत नेईल. आत गेल्यावर किती वेळ बसायचे, हे त्या चौकोनात लिहिलेले नसते.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. यादी कोण लिहिते? अॅलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 35 जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्या बौद्धिक कामाचे त्यांनी चार भाग केले : गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णयात नवरे बऱ्यापैकी सामील होते. गरज ओळखणे आणि लक्ष ठेवणे मात्र बहुधा बायकांच्याच वाट्याला आले होते. अभ्यास अमेरिकेतला असला, तरी चित्र आपल्या मोहल्ल्यातले वाटावे असे आहे. आपल्या देशाच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, असे दिसले; पुरुष 88 मिनिटे. 2019मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. या मिनिटांत हात चाललेले मोजले जातात. भाजी निवडता निवडता रमजानच्या बेसनाचा, ईदच्या शेवयांचा आणि धाकट्याच्या वहीचा विचार चालू असतो, तो कोणत्या रकान्यात घालणार?

कुणी म्हणेल, दोघांची एक यादी झाल्यामुळे नवरा सौदा आणू लागला, हे काय कमी आहे? कमी नाही. पण ‘यादीत टाक, मी आणतो’ या वाक्यात आणणारा दिसतो आणि डबा उघडून पाहणारी दिसत नाही. अॅप निरोप पोहोचवते. डाळ संपत आली आहे, हे त्याला कळत नाही. ते कुणाला तरी कळावे लागते. म्हणून आमचे म्हणणे असे की यादी वाचण्याची पाळी नव्हे, यादी करण्याची पाळी वाटून घ्यावी. एक महिना डबे त्याने पाहावेत.

आम्ही शिक्षक मंडळी हीच गोष्ट वर्गात पाहतो. गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. मूल डायरी उघडत नाही. ‘चित्रकलेची वही का आणली नाही?’ असे विचारले की उत्तर मिळते, ‘अम्मीने मेसेज नहीं देखा.’ मूल खोटे बोलत नाही. त्याची आठवण खरोखरच अम्मीच्या फोनमध्ये आहे. ओटोने आपली वही स्वतः लिहिली होती. हे मूल दुसऱ्याच्या वहीवर वाढते आहे. आणि मुलगा असेल, तर पंधरा वर्षांनी ती वही अम्मीकडून बायकोकडे जाईल, एवढाच बदल होईल. म्हणून निरोप ग्रुपवर जरूर जावा, पण मुलाने तो आधी स्वतःच्या हाताने डायरीत लिहावा, असा आग्रह आम्ही धरतो.

ज्याच्या भरवशावर आपण निर्धास्त होतो, ते यंत्रही कायमचे नसते. बर्लिनचे वंडरलिस्ट हे अॅप लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्टने ते 2015मध्ये विकत घेतले आणि मे 2020मध्ये बंद केले. याद्या दुसऱ्या अॅपमध्ये नेण्याची सोय होती, पण निर्णय वापरणाऱ्यांचा नव्हता. आपल्या घरची याद कुणाच्या आवारात ठेवली आहे, एवढे भान तरी असावे.

तेव्हा फोन फेकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. डाळ, तांदूळ, बिलाची तारीख खुशाल त्याच्या हवाली करावी. डोके मोकळे होईल. पण मोकळ्या झालेल्या डोक्यात काय भरायचे, हे अॅप सांगणार नाही. सौद्याची उजळणी थांबल्यामुळे मिळालेला वेळ खालाजानच्या खाटेजवळ गेला, तर यादीने यादेची सेवा केली. तो वेळ त्याच पडद्यावर बोट फिरवण्यात गेला, तर यादी पूर्ण झाली एवढेच म्हणता येईल. यादी फोनमध्ये असू द्या. राखणदारी मात्र आपलीच आहे, आणि ती घरातल्या एकाच माणसाची नव्हे.