पुनर्वसनाच्या नकाशातला पार

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीत ४३ कुटुंबं, २२८ माणसं, बहुतेक ठाकर. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत. वर जायला पायवाट तेवढी होती, मोठी यंत्रं चढत नव्हती, पाऊस थांबत नव्हता. चार दिवसांनी शोध बंद झाला. कित्येक घरांना निरोप द्यायला देहसुद्धा मिळाला नाही. आश्रमशाळेत असलेली काही मुलं वाचली, पण ज्या घरी सुट्टीला जायचं ते घरच उरलं नव्हतं.

आधी कंटेनरमध्ये निवारा झाला, पुढे सिडकोने चौकजवळ पक्की घरं बांधली. हे व्हायलाच हवं होतं. पण एवढं दुःख एकेका बंद खोलीत वाटून दिलं, तर ते माणसाला आतून खातं. वाडी हे दुःख एरवी एकट्यादुकट्यावर सोडत नाही.

सह्याद्रीतल्या अनेक आदिवासी समाजांत मरणाच्या वेळी गायचा रिवाज आहे. कोकणा समाजात काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि चिमटीत धरून तिच्यावरून बोटं खाली ओढत नेतात. त्यातून सलग, घोंघावणारा स्वर निघतो. त्या स्वरावर एकजण कथा गातो, दुसरा झील धरतो, आणि घरचे, शेजारचे, दुरून आलेले सोयरे रात्रभर बसून ऐकतात. मेलेल्याची वाट मोकळी व्हावी म्हणून हे गाणं, असं मानतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या घरी मरण झालं, त्याला ती रात्र एकट्याने काढावी लागत नाही. ठाकरांचा कांबडनाच, ढोलावरचा फेर, गौरीच्या दिवसांतली बायकांची गाणी, शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या गावागावांतला हरिपाठ आणि टाळ-पखवाजाचं भजन, यांचे प्रसंग वेगळे असले तरी माणसं एका ठेक्यात बांधली जाणं सगळीकडे तेच.

संगीताने माणसं किती लवकर जवळ येतात, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलं. प्रौढांच्या वर्गांचा त्यांनी सात महिने माग ठेवला. काही गाण्याचे वर्ग होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत जवळीक झाली, पण गाणाऱ्यांमध्ये ती सुरुवातीच्याच काळात झाली. उद्ध्वस्त वाडीला नेमकी ही सुरुवातच अवघड असते.

संगीतोपचार म्हटलं की आपल्यापुढे बंद खोली येते, एक रुग्ण, एक तज्ज्ञ, अमुक रोगावर तमुक राग. रागांच्या त्या याद्यांवर माझा विश्वास नाही. गॅरी ॲन्सडेल आणि मर्सेडीझ पाव्लिसेविच यांनी २००४ साली संपादित केलेल्या ग्रंथाने सामुदायिक संगीतोपचाराची दिशा ठळक केली. माणूस आजारी पडतो तो त्याच्या वस्तीसकट, तेव्हा उपचारही वस्तीत जाऊन, वस्तीच्याच गाण्यातून व्हावा, असा तो विचार. केपटाउनच्या हाइडेफेल्डमध्ये, टोळ्यांच्या हिंसेत वाढणाऱ्या मुलांच्या शाळांत, संगीतोपचारक याच वाटेने गेले. आपल्याकडे आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली ‘स्वरानंदवन’ उभं केलं. कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलाकार मंचावर आले आणि ज्यांच्याकडे लोक पाहायला तयार नव्हते त्यांना लोक तिकीट काढून ऐकू लागले.

गाण्याने सगळं बरं होतं, असं मात्र कुणी सांगू नये. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर औषधोपचार करून त्यांना घरी पोचवते. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला डॉक्टर हवा त्याला डॉक्टरच हवा. पण गोळ्या घेऊन माणूस घरी परतला की त्याला शेजार लागतो, आणि तो शेजार दवाखान्यात तयार होत नाही.

आज तो शेजारच विरळ होतो आहे. दिवाळी झाली की कातकरी वाड्या ओस पडतात. ठेकेदाराची उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पंधरा गळ्यांनी गायचं गाणं भट्टीवरच्या एका खोपटात कोण गाणार? माघारी आल्यावर गावातलं भजनी मंडळ आपोआप त्यांचं होत नाही. गावाचं देऊळ आणि गावाबाहेरची वाडी यांतलं अंतर टाळांनी अजून मिटवलेलं नाही, हे वारकरी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण स्वीकारायला हवं. लग्नात, गणपतीत भाड्याचा डीजे आला, आणि ढोल वाजवणारा पोरगा नुसता नाचणारा झाला.

म्हणून मागणं साधं आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत विस्थापितांच्या वसाहतीसाठी रस्ते, पाणी, शाळा यांच्यासोबत एक ओळ आहे: दर ५० कुटुंबांमागे लोकांनी जमण्यासाठी चावडी किंवा झाडाचा पार. हा कायदा जमीन घेतली जाते तेव्हासाठी आहे. दरडीच्या भीतीने जी वाडी हलवायची, तिलाही तो पार द्या. कुलूप लावलेलं, किल्ली सरपंचाकडे असलेलं समाजमंदिर देऊ नका. फेर धरता येईल एवढी उघडी, सपाट जागा द्या आणि ती घरांच्या मधोमध द्या. ढोल, थाळी, टाळ यांचा खर्च पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात धरा; एका घराच्या पत्र्यापेक्षा तो कमीच असेल. मुलांच्या मनावरचे घाव पाहायला समुपदेशक पाठवाल, तेव्हा वाडीतल्या जुन्या गायकाला आणि गाणाऱ्या बायांनाही त्याच कामाचं मानधन द्या.

आणि कर्जतला शनिवार-रविवारी शेतघरावर येणाऱ्या वाचकांना एक विनंती. वाडीतल्या लोकांना तुमच्या अंगणात नाचायला बोलावू नका. शिमग्याला त्यांच्या वाडीत जा, बसायला सांगितलं तिथे बसा, आणि हात पुढे आला तर फेरात उभे राहा.