घंटेच्या वेळचा उजेड

या. इथे थोडं थांबा.

समोर एक लहानसं चित्र आहे. उंची जेमतेम 55 सेंटिमीटर, रुंदी 66. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असतं. आत्ता ते मिटल्या डोळ्यांसमोर येऊ द्या.

श्वास येतोय. जातोय.

बटाट्याचं शेत. सपाट, पार आभाळाला टेकलेलं. एक पुरुष, एक बाई. माना खाली. त्यानं टोपी काढून दोन्ही हातांत धरलीय. तिनं जोडलेले हात छातीशी नेलेत.

दोघांच्या मधे, पायांपाशी टोपली. माती उकरायचा काटा जमिनीत रोवलेला. बाईच्या मागे ढकलगाडी, तिच्यावर पोती.

काहीच हलत नाही.

आता माणसं राहू द्या. उजेडाकडे बघा.

सूर्य दिसत नाही. तो चौकटीबाहेर मावळतोय. आभाळात पिवळा, थोडा गुलाबी उजेड आहे. खाली उतरता उतरता तो मातकट होतो. माती आणि कपडे एकमेकांत विरघळू लागलेत.

चेहरे बघा. सावकाश.

ते नीट दिसत नाहीत. आभाळ इतकं उजळलेलं, तरी चेहरे सावलीत. मला यात चित्रकाराची फार मोठी माया दिसते. हात जोडलेल्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघू नये, तसं.

मग भाव कुठे आहे?

मानेच्या बाकात. टोपी धरलेल्या बोटांत.

तिथेच राहा. एक श्वास. आणखी एक.

आता दूर, उजवीकडे, क्षितिजावर. चर्चचा बारीकसा मनोरा. शायी गावचा. घंटा तिथेच वाजतेय.

ऐका.

ज्याँ-फ्रांस्वा मिले हे चित्र 1857 ते 1859 मध्ये रंगवतो, तेव्हा त्याच्या मनात आजी असते. शेतात घंटा ऐकू आली की ती सगळ्यांचं काम थांबवायची. गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायला लावायची.

आवाज रंगवता येत नाही. तो उजेड रंगवतो.

पुन्हा आभाळाकडे बघा. हा उजेड तुमच्या ओळखीचा आहे. दिवेलागणीचा. देवापाशी काडी ओढल्याचा आवाज, तेलाचा वास, आणि घर क्षणभर गप्प.

तुमच्या घरी तेव्हा सगळ्यांना कोण थांबवायचं?

नाव मनात येऊ द्या. बोलू नका.

टोपी अजून हातात आहे. काटा मातीत तसाच उभा आहे.

एक ठोका विरतोय. पुढचा अजून यायचाय.