आपली माया आणि शेजाऱ्याची झोप

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नातू बाजारातून चार पिल्ले घेऊन आला. गुलाबी, हिरवी, जांभळी, पिवळी. रस्त्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकतात ती. लहान मुलांना मोह पडावा म्हणूनच त्यांना रंग लावलेला असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना भरपूर ऊब लागते, हे आम्हाला ठाऊक असूनही लक्षात आले नाही. दोन पिल्ले चौथ्या दिवशीच गेली. तिसरे मांजराने नेले. राहिले ते एकटे पिवळे. रंग उडाला, पांढरी पिसे आली, डोक्यावर तुरा फुटला. नातवाने त्याचे नाव ठेवले राजा.

आम्ही वसईकर. कोंबड्या आम्हाला नव्या नाहीत. आज जिथे आमची तीन मजली इमारत उभी आहे, तिथे माझ्या लहानपणी केळीची वाडी होती. माझ्या आईकडे दहा-बारा गावठी कोंबड्या असत. खुडूक कोंबडी हेरून ती तिला अंड्यांवर बसवायची आणि बोटांवर एकवीस दिवस मोजायची. त्या कोंबड्यांना नावे नव्हती. सणाला पाहुणे आले की त्यातली एखादी कमी व्हायची. त्याचे कोणाला दुःख नव्हते आणि अपराधीपणही नव्हते. कोंबडा पहाटे आरवायचा, पण शेजारच्या घरापर्यंत मध्ये अख्खी वाडी होती. शिवाय शेजारीही त्याच वेळी उठून भाजी काढायला निघालेला असायचा.

आता वाडी नाही. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, त्याच्या आधीपासूनच बिल्डिंगा वर चढू लागल्या होत्या. आमच्या तळमजल्याच्या मागे चार पावलांचे अंगण उरले आहे. त्यात राजाचे खुराडे झाले. तो एकटा पडू नये म्हणून मी दोन गावठी तलंगा आणल्या. अंडी मिळू लागली. आम्ही ती इमारतीत वाटत असू. मुलांना कोंबडी जवळून पाहायला मिळते, स्वयंपाकघरातला ओला कचरा सत्कारणी लागतो, म्हणून सगळे कौतुक करीत. मलाही वाटे, गमावलेल्या वाडीचा एक तुकडा आपण परत मिळवला आहे.

राजा पहाटे चारच्या सुमारास आरवू लागे. पुष्कळांना वाटते की कोंबडा उजेड पाहून आरवतो. तसे नाही. 2013 साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. बाहेरची पहाट दिसत नसतानाही ते आपल्या वेळेलाच आरवत. त्यांच्या शरीरातच घड्याळ असते. म्हणजे खुराड्यावर गोणपाट टाकून राजा गप्प बसणार नव्हता. मी टाकून पाहिले होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण बाई राहते. मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिची दुसरी पाळी असली की लोकलने घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. एकदा ती मला जिन्यात भेटली. डोळे सुजलेले. मी सहज विचारले, “काय गं, बरं नाही का?” ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, “अंकल, रागावू नका. पाच महिने झाले, चारनंतर झोपच लागत नाही. दोनदा गाडीत डोळा लागला आणि विरारला पोहोचले. परवा औषधाचा डोस मोजताना हात थांबला. आकडाच दिसेना. दुसऱ्या नर्सला तपासायला लावला.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“तुमच्या बाळाचा जीव आहे त्याच्यावर. आणि तुम्ही अंडी पाठवता. कसं बोलायचं?”

मी खाली आलो आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. पाच महिने आम्ही स्वतःला प्राणिमात्रांवर दया करणारे समजत होतो. त्या दयेची किंमत मात्र वरच्या मजल्यावरची मुलगी मोजत होती. तिच्या इस्पितळातला एखादा अनोळखी रुग्णही ती मोजू शकला असता. आम्ही पाठवलेल्या अंड्यांनी तर तिचे तोंडच बंद केले होते. दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या प्रेमाला प्रेम म्हणावे काय?

कायदा रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ शांततेचा मानतो. पण प्रश्न कायद्याचा नव्हता. तक्रार आली नाही म्हणजे त्रास नाही, असे आपण किती सहज धरून चालतो! सभ्य माणूस तक्रार करीत नाही. म्हणून आपण जाऊन विचारायचे असते. मी विचारले नव्हते.

राजाला इथे ठेवायचे नाही, हे ठरले. पण मग त्याचे काय करायचे? इथे दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो पहिल्याहून कठीण निघाला.

घरात एक जण म्हणाला, “कोंबडाच तो. रविवारी करून टाकू.” नातू जेवणाच्या टेबलावरून उठून गेला. जाताना मला विचारले, “आजोबा, गेल्या रविवारी आपण खाल्ली तिचं नाव काय होतं?” मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर, नाव ठेवल्याने राजा त्या कोंबडीहून निराळा झाला नव्हता. दोघांनाही भूक, भीती, वेदना सारखीच. आमची नजर तेवढी निराळी झाली होती. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो. मला वाटते, नाव देणे म्हणजे ओळख पटणे, आणि ओळख पटली की जबाबदारी आलीच.

त्याच दिवसांत मी हेही वाचले की रस्त्यावरची ती रंगीत पिल्ले पुष्कळदा अंड्यांसाठी कोंबड्या पैदा करणाऱ्या केंद्रांतली नर पिल्ले असतात. नर अंडी देत नाही, आणि त्या जातीच्या अंगावर मांसही फार चढत नाही. म्हणून जगभर असली पिल्ले जन्मल्या दिवशीच मारून टाकतात. जर्मनीने 2022 पासून त्यावर बंदी घातली. म्हणजे आम्ही राजावर माया करीत होतो, आणि रोज दुकानातून आणत होतो त्या अंड्यांमागे राजाचेच भाऊ होते. मांसाहार पाप आहे असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करावा, पण त्यांना विनाकारण यातना देऊ नयेत, आणि माणसाला देणे असलेले प्रेम प्राण्यावर उधळू नये, असे ती सांगते. या शिकवणीचा उत्तरार्ध मला वरच्या मजल्याने शिकवला, पूर्वार्ध नातवाने.

राहिला तिसरा मार्ग, सगळ्यांना सोयीचा: गावाकडे पाठवून देऊ. अर्नाळ्याच्या बाजूला माझ्या मावसभावाची वाडी आहे. हे वाक्य आपण किती घरांत ऐकतो! म्हातारा कुत्रा, भाकड गाय, नको झालेला कोंबडा, सगळे “गावाकडे” जातात. पुढचे कोणी विचारत नाही, कारण उत्तर माहीत असते. सुरी दुसऱ्याच्या हातात दिली की आपले हात स्वच्छ राहिल्यासारखे वाटतात.

नातवाने मात्र विचारले. “तिथे त्याला कापणार नाहीत ना?”

“नाही रे” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्याच वेळी अंगणात राजा आरवला. आरवण्याचा आवाज ऐकून पेत्राला आपले खोटे आठवले होते. मला माझे खोटे बोलण्याआधीच आठवले, एवढाच माझा नशिबाचा भाग. मी म्हणालो, “मला माहीत नाही. चल, विचारू या.”

मावसभावाने त्याला मोठ्या माणसासारखे उत्तर दिले. “माझ्या कोंबड्यांत नर नाही. पिल्लं हवीत, तर हा मला लागेल. चांगला आहे तोवर ठेवीन. म्हातारा झाला, कोंबड्यांना मारू लागला, तर शब्द देत नाही. पण त्रास देऊन मारणार नाही.” नातू रडला. मग त्याने स्वतःच राजाला डालग्यातून बाहेर काढून वाडीत सोडले.

दोन्ही कोंबड्या आमच्याकडेच आहेत. त्या आरवत नाहीत, आणि नर नसला तरी अंडी देतात. वरच्या मुलीकडे आम्ही दोघे जाऊन क्षमा मागून आलो. ती म्हणाली, “अंडी पाठवणं बंद करू नका हं.” दर महिन्याला मी तिला विचारतो, “झोप लागते ना?” हे विचारायला मला पाच महिने उशीर झाला होता.

घरात प्राणी पाळणाऱ्यांनी तो पाळू नये, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या मायेची किंमत कोण मोजतो आहे, हे एकदा पाहावे. भिंतीपलीकडे कोणी मुकाट्याने जागे असेल. या रविवारी मिस्सावरून परतताना त्याचे दार वाजवायला काय हरकत आहे?