देवासमोर कसलेला हात

उपासनेत गिटार वाजवणाऱ्याने किती चांगलं वाजवावं? आमच्या नगरच्या मंडळीत हा प्रश्न मला थेट विचारला गेला आहे. एका रविवारी उपासना सुटल्यावर एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बाळ, बोटं फार सुरेख चालतात गं तुझी. पण आज माझं लक्ष गीतावरून उडालं आणि बोटांवरच राहिलं. हे बरं का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. म्हणून मीही तो प्रश्न काळजीनेच घेतला.

प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय की गाण्यातल्या शब्दांपेक्षा गाणंच मनाला जास्त भिडलं, तर त्याला आपल्या हातून पाप घडल्यासारखं वाटे. तरीही चर्चमध्ये गाणं असावं, याच बाजूला तो झुकला. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवायचा, आणि त्यानेच झुरिकच्या उपासनेतून संगीत बाहेर काढलं. ज्याला संगीताची ताकद आतून माहीत होती, त्यालाच तिची सर्वांत जास्त धास्ती वाटली. ही धास्ती मी खोटी म्हणणार नाही.

मी वाजवते ती फिंगरस्टाइल. म्हणजे प्लेक्ट्रम न वापरता अंगठ्याने खालचा बेस आणि बाकी बोटांनी वरची चाल, दोन्ही एकाच हाताने. तिचा एक मोठा प्रवाह अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांकडून आला, आणि तिथेही हाच प्रश्न उभा होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताची गिटार त्यांनी तारा न बदलता तशीच उलटी धरली, त्यामुळे बेस बोटांकडे आला आणि चाल अंगठ्याकडे. शिकवायला कुणी नव्हतं. हात स्वतःच वाट काढत गेला. 'फ्रेट ट्रेन' हे गाणं त्यांनी लहान वयातच रचलं. पुढे चर्चमधल्या लोकांनी सांगितलं, ही ऐहिक गाणी सोड. त्यांनी गाणी सोडली आणि त्यांच्याबरोबर गिटारही जवळजवळ सुटली, ती कित्येक दशकं. उतारवयात लोकसंगीतात रमलेल्या सीगर कुटुंबाकडे घरकामाला असताना त्या घरातली गिटार पुन्हा हातात आली. 1958 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली आणि 1985 मध्ये, नव्वदीच्या घरात, ग्रॅमी मिळालं.

त्यांना सांगणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना फक्त शब्दांची भीती होती, पण शब्दांबरोबर हातही गेला. त्या हाताने चर्चला जे दिलं असतं, ते त्या मंडळीने कधी ऐकलंच नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांनी दिलं. जन्म 1896, साउथ कॅरोलायनाचा. दृष्टी अगदी तान्हेपणीच गेली. 1930 च्या दशकात त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ते न्यूयॉर्कला आले आणि हार्लेमच्या रस्त्यांवर गात, वाजवत, उपदेश करत उभे राहिले. उजव्या हाताची दोनच बोटं ते वापरत, अंगठा आणि तर्जनी. 1960 ची त्यांची 'हार्लेम स्ट्रीट सिंगर' ही रेकॉर्ड लावून बघा. ओळ गाता गाता ते मध्येच गप्प होतात आणि उरलेली ओळ गिटार पूर्ण करते. आपल्या गिब्सनला ते मिस गिब्सन म्हणत. घरी येणाऱ्या शिष्यांना ते भक्तिगीतं शिकवत, तसेच नाचाचे रॅगही शिकवत, आणि दोन्हींत अंगठा तसाच चाले, उतरत्या स्वरांच्या लडीही त्याच. लिकला, म्हणजे अशा छोट्या स्वरलडीला, धर्म नसतो. ती कुणाच्या चाकरीला लावली, यावर सगळं ठरतं.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. लक्ष बोटांवर जातं, हे खरं. पण कुणाची बोटं सर्वांत जास्त लक्ष मागतात? न कसलेली. शनिवारी संध्याकाळी मी मंडळीतल्या मुलांना शिकवते, तिथे हे दर वेळी डोळ्यांसमोर दिसतं. सी कॉर्ड धरायची. अंगठ्याने पाचवी तार, चौथी, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी. तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकलेली, म्हणजे बेस घुमत न राहता टपटप पडतो. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. मग वरच्या तारेवर तर्जनीने एक स्वर अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध टाकायचा. टाकला रे टाकला की अंगठा अडखळतो. तर्जनी जाईल तिकडे त्याला ओढ लागते. मेट्रोनोम साठवर आणायचा, तिथेही नाही जमलं तर पन्नासवर. तोंडाने गाणं म्हणणं तर दूरच, त्या क्षणी मुलाला स्वतःचं नावही सुचणार नाही. सगळं मन त्या एका अंगठ्यात अडकलेलं असतं.

आणि मग एखाद्या दिवशी अंगठा आपला आपण चालायला लागतो. मुलगा मान वर करतो आणि गातो. गीताचा अर्थ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येतो, कारण आता तो ऐकायला मोकळा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे: तंत्र पुरं न मुरलेला वादक उपासनेत स्वतःच्या हातापाशी थांबलेला असतो, आणि तंत्र मुरलं की तिथून सुटतो. हात कसायचा तो स्वतःला विसरता यावं म्हणून. पतंजलीने अभ्यासाला ज्या अटी घातल्या, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने, त्यांतली तिसरी आपण बहुतेक वेळा गाळतो. पन्नासच्या लयीत तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा घासताना आदर राहिला, तर तो वेळ उपासनेबाहेरचा नसतो.

मग गर्वाचं काय? तो येतो, आणि त्यावर उपाय लिकमध्येच आहे. जी वरून सी वर जाताना प्रत्येक गिटारवादक एक छोटी चाल वाजवतो: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, मग पाचवी तार मोकळी, तिचा दुसरा फ्रेट, तिसरा फ्रेट. चार स्वर. ते कुणी पहिल्यांदा वाजवले, कुणालाच माहीत नाही. मला ते कुणाकडून तरी मिळाले, त्याला आणखी कुणाकडून. माझ्या हातात आहे त्यातलं जवळजवळ सगळं असंच मिळालेलं आहे. मिळालेल्या वस्तूचा अभिमान बाळगता येत नाही. ती नीट सांभाळून योग्य जागी ठेवता येते. ती जागा म्हणजे मंडळी श्वास घेते ती. ओळ संपते, लोक दम घेतात, तेवढ्यात हे चार स्वर त्यांना पुढच्या ओळीच्या दारात आणून सोडतात. त्याच लडी मी शब्दांवर टाकल्या, तर त्या बाईंची तक्रार शंभर टक्के खरी ठरते.

पवित्र शास्त्रात निर्गमच्या पुस्तकात बसालेलची गोष्ट आहे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, ते सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांचं कसबी काम करण्यासाठी. भाषणासाठी नव्हे, हातकामासाठी. आणि आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला भजन-अभंगाचं रूप दिलं, तेव्हा इथल्या मातीतलं कसबच त्यांनी देवळात आणलं. त्यांची भजनं मी फिंगरस्टाइलवर वाजवते. स्वर पांढरी दोन धरला तर सहावी तार उतरवून डीला लावायची. मग सहावी आणि चौथी या दोन तारांवर अंगठ्याला खालचा-वरचा षड्ज आयता मिळतो, आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रांना त्याचे आठ ठोके बसतात. कॅरोलायनाच्या वादकांचा अंगठा आणि नगरचं भजन यांचं इतकं जमतं, याचा मला अजूनही आनंद होतो.

म्हणून मी मुलांना दोन्ही गोष्टी सांगते. घरी जितकं घासता येईल तितकं घासा. देवासमोर अर्धवट तयारी आणणं ही नम्रता नव्हे. आणि रविवारी, हातात दहा लिक असतील तर गीताला लागेल ती एकच वाजवा. उरलेल्या नऊ सोडता येतात, पण त्या आधी हातात असाव्या लागतात. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे, त्यालाच काही अर्पण करता येतं.