अपत्याचे नाव : सोय, ओळख आणि अमानत

अपत्य जन्मल्यानंतर नावाचा सल्ला घेण्यासाठी जे आई-वडील मशिदीच्या इमामाकडे येतात, त्यांच्या प्रश्नाचे बहुधा दोन भाग असतात. पहिला भाग जुना आहे : चांगल्या अर्थाचे नाव कोणते? दुसरा भाग थोड्या दबक्या आवाजात येतो : हे नाव शाळेत, कचेरीत आणि शेजारीपाजारी कुठे अडणार तर नाही ना? नाव आपल्या दीनला शोभावे आणि मराठी जिभेवरही सहज रुळावे, अशी ही अपेक्षा आहे. ती वरवर साधी दिसते. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. नाव नेमके कोणासाठी ठेवायचे? अल्लाहसाठी, अपत्यासाठी, की हाक मारणाऱ्या जगासाठी?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच जवळचा वाटतो. येथे मराठी, अहिराणी, भिली, गुजराती आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमाच जाते. देशातील पहिले आधार कार्डही याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिले गेले. त्या कार्डावर प्रत्येकाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत छापलेले असते. मुस्लिम घरात निकाहनाम्यावरची उर्दू लिपी त्यात मिळवली, की एकच नाव तीन लिप्यांतून आयुष्यभर चालते. तिन्ही ठिकाणी ते एकच राहावे, असे आई-वडिलांना वाटले तर त्यात गैर काही नाही.

प्रथम शरीअतची कसोटी पाहू. नाव हा अपत्याचा हक्क आहे आणि या हक्काचा गाभा अर्थ हा आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे 'आसिया' म्हणजे 'अवज्ञा करणारी' हे नाव बदलून 'जमीला' ठेवले. (फिरऔनच्या श्रद्धावंत पत्नीचे नाव उच्चारात सारखे भासते, ते अक्षराने वेगळे आहे.) 'बर्रा' म्हणजे 'पुण्यशील' या नावात स्वतःच्या पवित्रतेचा दावा होतो, म्हणून त्याच्या जागी 'जैनब' हे नाव दिले. हजरत सईद बिन मुसय्यिब (रह.) यांच्या आजोबांचे नाव 'हज्न' म्हणजे 'खडबडीत, कठीण जमीन' असे होते. प्रेषितांनी (स.) 'सहल' म्हणजे 'सुगम' हे नाव सुचवले, परंतु वडिलांनी ठेवलेले नाव सोडण्यास ते तयार झाले नाहीत. त्यानंतर आमच्या घराण्यात तो कठोरपणा टिकून राहिला, असे हजरत सईद (रह.) सांगत असत. बुखारी शरीफमधील ही हदीस प्रत्येक आई-वडिलांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

मग नाव अरबीच असले पाहिजे का? 'अब्दुल्लाह' आणि 'अब्दुर्रहमान' ही नावे अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहेत, हे हदीसने सांगितले आहे. परंतु प्रत्येक नाव अरबीच असावे, असे बंधन घातलेले नाही. येमेनचे हजरत फिरोज दैलमी (रजि.) हे सहाबी होते आणि त्यांचे फारसी नाव तसेच राहिले. मदरशात अरबी व्याकरण शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक नियम पाठ असतो : 'इब्राहीम' हा शब्द गैर-मुन्सरिफ आहे, कारण तो विशेषनाम आहे आणि मूळचा अरबी नाही. इस्माईल, इसहाक, याकूब ही नावेही त्याच वर्गातील. म्हणजे कुरआनने गौरवलेली कितीतरी नावे बाहेरून आली आणि अरबी जिभेने त्यांना आपल्या वळणावर घेतले. प्रेषितांनी (स.) आपल्या पुत्राला जे नाव दिले, तेही 'इब्राहीम' हेच.

पुढे हीच गोष्ट उलट दिशेने घडली. 'मुहम्मद' हे मुबारक नाव तुर्कस्तानात 'मेहमेत' झाले, सेनेगलमध्ये 'मामादू' झाले आणि मराठीत 'महंमद' झाले. श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या विचारांशी आपण सहमत असू वा नसू, मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांना त्यांच्या नावासकट आपले मानले, ही वस्तुस्थिती आहे. भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे, असे सूरह रूम सांगते. शेजाऱ्याच्या जिभेचा विचार करून नाव निवडणे, हा त्या निशाणीचा आदरच होय.

मात्र उच्चाराच्या बाबतीत सावधगिरी हवी. मराठीत 'ज' आणि 'झ' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'जग' मधला 'ज' वेगळा आणि 'जावई' मधला वेगळा. जीभ हा भेद जाणते, लिपी तो दाखवत नाही. अरबीत मात्र अशा भेदावर अर्थ उभा असतो. 'जलील' हे नाव जीमने लिहिले तर त्याचा अर्थ 'थोर, महिमावान'. तोच शब्द झालने लिहिला तर 'अपमानित, हीन'. 'अलीम' ऐनने लिहिला तर 'ज्ञानी', अलिफने लिहिला तर 'वेदनादायक'. आपण उर्दू बोलणारेही ऐन आणि अलिफ यांत फरक करत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. म्हणून मराठी उच्चाराला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. नाव ठेवताना त्याचे मूळ अक्षर जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि घरात लिहून ठेवावे, एवढे आपल्या हाती आहे.

दोन्हीकडे सहज चालणारी नावे शोधायला फार दूर जावे लागत नाही. सलमान, बिलाल, हारून, अनीस, मुनीर. मरियम, सारा, अमीना, मैमूना, सुमैया. या नावांतील प्रत्येक ध्वनी मराठीला परिचित आहे. 'समीर' हा शब्द तर दोन्ही भाषांत आहे : संस्कृतात वारा, अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. याउलट 'लबीद' हे एका सहाबी कवीचे नाव उत्तम असूनही, वर्गातली मुले त्याचे 'लबाड' करतील, हे बापाने आधीच ओळखावे. टोपणनावांनी हिणवण्यास सूरह हुजुरातने मनाई केली आहे; जेथे ते टाळणे शक्य आहे, तेथे टाळणे हाही हिताचाच विचार आहे.

आता खरा अवघड भाग. काही आई-वडिलांना सोपे नाव नको असते, न ओळखू येणारे नाव हवे असते. अर्थ कोणताही असो, ऐकणाऱ्याला मूल मुसलमान आहे हे कळू नये, हा त्यामागचा हेतू असतो. त्यांना दोष देण्याची घाई कोणी करू नये. भाड्याचे घर, नोकरीची मुलाखत, प्रवासातील अनोळखी डबा यांचा अनुभव घेतलेल्या बापाची भीती खोटी नसते. नावाचा अर्थ चांगला असेल, त्यात शिर्क नसेल, तर केवळ या हेतूमुळे ते नाव हराम ठरते असेही मी म्हणणार नाही.

तरीही अशा आई-वडिलांनी तीन गोष्टींचा विचार करावा. पहिली, हे लपणे टिकत नाही. आपल्याकडे अर्जावर मुलाच्या नावाबरोबर वडिलांचे नाव आणि आडनावही असते. आडनाव एखादे वेळी संदिग्ध राहील. यावल-रावेरकडील तडवी बहुतांश मुस्लिम आहेत, तर आपल्या अक्कलकुवा-अक्राणीत तडवी आडनावाची इतर आदिवासी कुटुंबेही आहेत. परंतु सोबत बापाचे नाव असते आणि ते सर्व सांगून टाकते. दुसरी गोष्ट मुलाच्या मनाची. आपले नाव असे का ठेवले, हे मूल एक दिवस विचारणारच. 'तू ओळखू येऊ नयेस म्हणून' हे उत्तर ऐकून ते आपल्या दीनविषयी काय शिकेल? तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. माणसांना जाती-जमातींत विभागले ते परस्परांना ओळखण्यासाठी, असे हुजुरातमध्ये अल्लाह तआलाने सांगितले आहे. गैरसमजातून मिळालेला सन्मान त्या गैरसमजाला मिळालेला असतो. प्रामाणिक व्यापारी, कष्टाळू विद्यार्थिनी किंवा मदतीला धावणारा शेजारी मुसलमान आहे, हे कळण्याची संधी आपण समोरच्याला का नाकारावी?

तेव्हा एकच नाव एका घरात सोय असू शकते आणि दुसऱ्या घरात पळवाट. 'समीर' हे नाव अर्थ आवडला म्हणून ठेवले तर ती सोय. केवळ आडोसा म्हणून ठेवले तर मुलाच्या खांद्यावर बापाची भीती आयुष्यभर राहते. फरक नियतीत आहे आणि नियत अल्लाह जाणतो.

दुसऱ्या टोकाची चूकही कमी नाही. कोणाकडेच नसलेले नाव हवे, या हौसेपोटी कुरआन उघडून एखाद्या शब्दावर बोट ठेवले जाते आणि अर्थ न विचारता तोच शब्द नाव बनतो. कुरआनातील प्रत्येक शब्द पवित्र वचनाचा भाग आहे, पण प्रत्येक शब्द नाव होण्यास योग्य नाही. 'अलीम' हा वेदनेच्या अर्थाचा शब्दही तेथे शिक्षेच्या वर्णनात येतोच.

घाईचे कारणही नाही. सातव्या दिवशी अकीका आणि नाव ही सुन्नत आहे. कायद्याने जन्माची नोंद 21 दिवसांत करावयाची असते. नाव ठरले नसेल तर नावाविना नोंद करून 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क जोडता येते. तोवर अर्थ पाहा, अक्षर पाहा, दोन्ही भाषांत मोठ्याने हाक मारून पाहा. आणि 'अब्दुर्रहमान' ठेवले असेल तर त्याला नुसते 'रहमान' म्हणू नका. ते नाव केवळ अल्लाहचे आहे.

नाव ही अपत्याला दिलेली पहिली अमानत आहे. ते बोलायला सोपे, अर्थाने स्वच्छ आणि सांगताना मान ताठ ठेवणारे असावे. अल्लाह तआला आपल्या मुलांना त्यांच्या नावांप्रमाणे जगण्याची आणि आपल्याला ती नावे निर्भयपणे हाकारण्याची तौफीक देवो. आमीन.